आधी आठवी, शेवटी पहिली

७ जुलै २०२१ चा शासन निर्णय आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आला, तेव्हा आम्ही सेतू अभ्यासाच्या, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीच्या, झेरॉक्स वाटत वस्त्यांवर फिरत होतो. ज्या गावात महिनाभर कोरोनाचा एकही रुग्ण सापडलेला नाही, तिथे १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरवता येतील आणि त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागेल, असं त्यात होतं. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. म्हणजे आठ वर्गांपैकी उघडणार एकच. पण निर्णयात गावाला एवढा वाटा पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो कागद वाचताना मला खरंच हायसं वाटलं. त्या ठरावापासून पहिलीचं लेकरू वर्गात बसेपर्यंत काय काय घडलं ते मला लिहायचं आहे. शाळा उघडायच्या की ऑनलाइन चालवायच्या, हा वाद मी टीव्हीवर कितीदा तरी ऐकला. त्यात आमच्यासारख्या गावातली लेकरं मला कधी दिसली नाहीत.

गाव बीड जिल्ह्यातलं, धारूरकडच्या डोंगरातलं. जमीन हलकी, पावसाचा भरवसा नाही. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात आणि दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला निघून जातं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच येत नाही. तान्ही आणि लहान लेकरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. आजी-आजोबा धडधाकट असतील तर शाळेतली मागे राहतात. ती मागे राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालतं. दोन वेळचं जेवण मिळतं, संध्याकाळचा अभ्यास होतो, आणि आईबाप परत येईपर्यंत कुणीतरी लक्ष ठेवतं. शाळेला लागून एक बंजारा तांडाही आहे. तिथल्या लेकरांची घरची भाषा गोरमाटी. मराठी त्यांना पहिलीच्या वर्गातच कानावर पडते आणि रुळायला चार-सहा महिने जातात.

एवढं सांगितलं ते यासाठी, की आमच्याकडे शाळा बंद होते म्हणजे फक्त शिकवणं थांबत नाही. वसतिगृह बंद होतं, शिजवलेलं जेवण बंद होतं, आणि लेकरू गावात राहण्याचं कारणच संपतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला होता. पुढे तो रद्दच झाला. एप्रिलमध्ये कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी मिळाली आणि आमच्या वर्गखोल्यांचा विलगीकरण कक्ष झाला. बाकं व्हरांड्यात रचली, आत सतरंज्या पसरल्या. आमच्यापैकी कुणी चेकपोस्टवर, कुणी रेशन दुकानावर ड्यूटीला होतं. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत मी आशाताईंबरोबर ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले. त्या फेऱ्यांत मी प्रत्येक घरी आपलं म्हणून एक विचारत होते: फोन कुणाकडे असतो? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी सातला कामावर. रिचार्ज संपला तर पुढची मजुरी मिळेपर्यंत तो तसाच. रेंज यायची ती म्हसोबाच्या टेकडीवर.

‘असर’ या शिक्षणाच्या वार्षिक अहवालाच्या २०२० च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन असल्याचं दिसलं. दोन वर्षांपूर्वी हाच आकडा ३६.५ टक्के होता. वाढ मोठी आहे, आणि शहरात बसून हे वाचणाऱ्याला वाटणारच की चला, आता फोनवर शिकता येईल. पण घरात फोन असणं वेगळं आणि सकाळी अकरा वाजता सहा वर्षांच्या लेकराच्या हातात तो असणं वेगळं. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. त्यात ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के निघाली आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. तो आकडा वाचून मला धक्का बसला नाही, कारण ती मुलं मी रोज बघत होते.

ऑनलाइनची चांगली बाजूही मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या घरातच होती. माझा मुलगा तेव्हा अंबाजोगाईला सहावीत होता. त्याला वेगळी खोली, वायफाय, अडलं तर विचारायला बाप जवळ. त्याच्या शिक्षिका मनापासून शिकवत. तरीही दुपारी तीनपर्यंत त्याचे डोळे लाल व्हायचे आणि चार-चार दिवस तो घराबाहेरच्या कुणाशी बोलायचा नाही. सगळी सोय असलेल्या मुलाची ही गत, मग तांड्यावरच्या पहिलीच्या पोरीची काय असेल? ती तर अजून शाळा कशी असते हेही बघितलेली नव्हती.

जानेवारी २०२१ मध्ये, २७ तारखेपासून, पाचवी ते आठवीचे वर्ग काही आठवडे भरले. मग दुसरी लाट आली. त्या एप्रिल-मेबद्दल जास्त लिहवत नाही. अंबाजोगाई, लातूर, कुठेच बेड मिळत नव्हते. गावातली चार कर्ती माणसं गेली, त्यातल्या एकाची दोन लेकरं आमच्या शाळेत होती. शेजारच्या केंद्रातले, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटातले, एक शिक्षकही गेले. म्हणून जुलैमध्ये लोक शाळा उघडायला घाबरत होते, तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. ती भीती खरी होती, आणि तिच्याशी वाद घालून ती जाणारी नव्हती.

ठरावाआधी पहिलं काम होतं महिनाभराचा हिशेब. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गावाची यादी काढली. शेवटचा रुग्ण जूनच्या पहिल्या आठवड्यातला होता. पण तपासण्याच कमी झाल्या असतील तर ‘रुग्ण नाही’ याला अर्थ काय? हा प्रश्न आमच्या मुख्याध्यापकांनी काढला, आणि मला तो पटला. मग आशाताई आणि अंगणवाडीताईंनी घरोघर ताप-खोकल्याची विचारपूस केली. ज्यांना लक्षणं होती त्यांची अँटिजेन तपासणी उपकेंद्रात करून घेतली. कुणी पॉझिटिव्ह निघालं नाही. कागदावरचा शून्य आता आमच्या डोळ्यांदेखतचा झाला होता, आणि पुढे लोकांशी बोलताना त्याचाच आधार वाटला.

मग वस्तीवार बैठका. सगळ्यांना एकत्र बोलवायचं नाही म्हणून दहा-बारा पालक, झाडाखाली, अंतर ठेवून. मी धरून चालले होते की मुलांना काही होईल म्हणून लोक नको म्हणतील. निघालं वेगळंच. एक आजोबा म्हणाले, “लेकराला काही व्हायचं नाही ओ मॅडम. पण लेकरानं घरी आणलं तर ही म्हातारी जाईल, तिचं काय?” तीन पिढ्या एका खोलीत राहतात तिथे धोका लेकराचा कमी आणि म्हातारीचा जास्त. हे त्यांनी आम्हाला सांगितलं. शासन निर्णयात शिक्षकांच्या लसीकरणाबद्दल होतं. आजीच्या लसीबद्दल काही नव्हतं.

त्यावर उपाय सुचला तो आशाताईंना. आठवीच्या मुलांच्या घरातल्या साठीपुढच्या सगळ्या माणसांची आम्ही यादी केली आणि उपकेंद्रात लस आली की त्यांना आधी न्यायचं ठरवलं. लस तेव्हा मोजकी यायची आणि रांगेत तरुण पुढे असायचे. काहीजणींना लसच नको होती. ती घेतली की माणूस मरतं, असं कुणीतरी सांगून गेलं होतं. तांड्याच्या प्रमुखांच्या, म्हणजे नाईकांच्या, आईने सगळ्यांसमोर पहिली सुई टोचून घेतली, तेव्हा बाकीच्या आल्या. पहिला डोस तरी बहुतेकींना मिळाला. माझ्या मते शाळा सुरक्षित करण्यासाठी आम्ही केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम होतं, आणि ते शाळेच्या आवाराबाहेर झालं.

सगळेच शाळेच्या बाजूने नव्हते. एका पालकांनी स्पष्ट सांगितलं, “माझा पोरगा फोनवर व्यवस्थित शिकायलाय. त्याला कशाला धोक्यात घालू?” त्यांचं दुकान होतं आणि पोराला स्वतःचा फोन. मी म्हटलं, पाठवू नका, सक्ती नाही; त्याचा अभ्यास आम्ही फोनवर देत राहू. शेजारी बसलेल्या बाईने मग हळूच विचारलं, “आणि ज्याच्याकडं फोन नाही, त्यानं काय करावं?” त्यावर ते दुकानदार काही बोलले नाहीत, पण ठरावाला विरोधही केला नाही. मला वाटतं आमच्या गावापुरता तो वाद तिथेच मिटला. ज्याला घरी शिकता येतंय त्याला घरी शिकू द्या, ज्याला येत नाही त्याच्यासाठी दार उघडा. दोघांना एकाच निर्णयात कोंबायची गरज कधीच नव्हती.

संमतीपत्राचा मात्र घोळ झाला. आम्हाला जो छापील नमुना मिळाला होता त्यात शेवटी एक ओळ होती: माझ्या पाल्यास संसर्ग झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. ही ओळ वाचून दाखवली की अंगठा पुढे करणारा हात मागे जायचा. मी शासन निर्णय पुन्हा वाचला. त्यात पालकांची संमती मागितली होती. जबाबदारी त्यांच्या डोक्यावर टाकायला कुणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही ती ओळ काढली आणि तिच्या जागी हाताने लिहिलं: मुलाला ताप, खोकला, सर्दी असल्यास मी त्याला शाळेत पाठवणार नाही व शिक्षकांना कळवीन, शाळेत लक्षण दिसल्यास शिक्षक मला लगेच कळवतील. दोन्ही बाजूंनी एकेक कबुली. त्यानंतर सह्या-अंगठे मिळायला वेळ लागला नाही.

ग्रामसभा घ्यायला तेव्हा मोकळीक नव्हती म्हणून ठराव मासिक सभेत आला. सरपंचबाई स्वतः पालक. त्यांची अडचण त्यांनी लपवली नाही. “उद्या कुणाला काही झालं तर लोक मलाच विचारणार, मॅडम. शाळा बंद ठेवली म्हणून मला कुणीच विचारणार नाही.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. वरपासून खालपर्यंत प्रत्येक खुर्चीवरचा माणूस तेव्हा असाच विचार करत असणार. शाळा उघडून झालेलं नुकसान दिसतं, त्याची बातमी होते. बंद ठेवून झालेलं नुकसान पाच वर्षांनी कुठल्यातरी वर्गात, कुठल्यातरी फडावर उगवतं आणि त्याला कुणाचंच नाव लागत नाही. सरपंचबाईंनी हे ओळखूनही सही केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

त्या सभेत एका सदस्याने विचारलं, “आठवी भरवायलीत तर चौथीलाही बसवा की. इथं डोंगरात कोण बघायलंय?” खरं तर माझ्या मनात तेच होतं. पण मी नाही म्हटलं. एक तक्रार गेली असती तर आठवीही बंद झाली असती, आणि ज्या गावांत ठराव व्हायचे होते तिथे आमचं उदाहरण दाखवून ठराव रोखले गेले असते. ठराव आठवीपुरता झाला. समिती बसली: सरपंच अध्यक्ष, ग्रामसेवक सचिव, आणि तलाठी, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष.

शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावं, बस-जीपने ये-जा करू नये, असंही नियमांत होतं. आम्ही बहुतेक सगळे अपडाऊन करणारे. मी गावात एक खोली भाड्याने घेतली आणि आठवडाभर तिथे राहून शनिवारी घरी जायला लागले. मुलाला सोडून राहणं जड गेलं. पण संध्याकाळी गावात असल्यामुळे जे कळलं ते पंधरा वर्षांच्या अपडाऊनमध्ये कळलं नव्हतं. कोण रात्री उपाशी झोपतं, कुणाच्या घरी स्थळ बघायला पाहुणे आले, कुणाचा बाप मुकादमाकडून उचल घेऊन आला, हे सगळं संध्याकाळीच कळतं. आमच्या एका सहकारी गुरुजींना मधुमेह होता आणि त्यांना फार भीती वाटत होती. त्यांना आम्ही वर्गावर पाठवलं नाही. गृहभेटींचे कागद, फोन, पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब हे त्यांनी सांभाळलं.

वर्गाची तयारी म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर सॅनिटायझर आणि थर्मल गन येते. तेही होतं. पण आम्ही पहिला खर्च केला तो खिडक्यांवर. महिनोन्महिने बंद राहून खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या. लोहाराला बोलावून त्या सगळ्या मोकळ्या करून घेतल्या. हवा खेळती असली पाहिजे हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. पाऊस नसेल तेव्हा वर्ग लिंबाखाली. एका बाकावर एक, दोन बाकांत सहा फूट, वर्गात वीसच्या आत. आठवीचा पट चोवीस होता म्हणून दोन गट केले, एक सकाळी, एक दुपारी.

चोवीसपैकी एकोणीस आले. एक तो दुकानदारांचा मुलगा, तो फोनवर शिकत होता. एक आजारी होता, नंतर आला. दोन पोरं पुण्याकडे कामाला गेली होती, एक हॉटेलात, एक बांधकामावर. आणि एका मुलीचं मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, चार माणसांत लग्न उरकलं होतं. चौदा वर्षांची होती. बालविवाहांबाबत आमचा जिल्हा राज्यात वरच्या क्रमांकांत आहे, हे मला माहीत होतं. पण शाळा सुरू असताना मुलगी चार दिवस आली नाही की आम्ही घरी जाऊन विचारायचो. त्या विचारण्याचा धाक असायचा. शाळा बंद असताना विचारणारं कुणी नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा ती सासरी गेली होती. ग्रामसेवकांकडे आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला कळवलं. पुढे जे झालं ते मला समाधान देणारं नाही.

आलेल्या एकोणीस जणांची पहिल्या आठवड्यात चाचणी घेतली. भागाकार बहुतेकांचा सुटला होता. मराठीचा उतारा वाचत होती, पण वाचून काय कळलं हे दोन वाक्यांत लिहा म्हटलं की हात थांबायचा. लिहायचा वेग निम्म्यावर आला होता, अर्धा तास लिहिलं की बोटं दुखायची. पण पोरं चिवट. दुपारच्या गटातली सकाळीच येऊन लिंबाखाली बसायची. सप्टेंबरअखेर त्यातली बरीचशी सातवीच्या पातळीवर आली होती. त्यांच्याकडे पाया होता. सहावीपर्यंत ती शाळेत बसलेली होती, वाचायला शिकलेली होती. विसरलेलं आठवून देणं हे काम अवघड असतं, पण होतं.

पाया नसलेली लेकरं फाटकाबाहेर उभी होती.

आठवीतल्या एका मुलीची धाकटी बहीण रोज तिच्याबरोबर यायची. जून २०२० मध्ये तिचं नाव पहिलीत दाखल झालं होतं. आता ती हजेरीपटावर दुसरीत होती आणि वर्गात एकदाही बसलेली नव्हती. तांड्यावरची, त्यामुळे मराठीही जेमतेम. फोनवर येणारे व्हिडिओ तिला दाखवायचे तर ते मराठीत, आणि आईला वाचता येत नाही. असं हे एकच लेकरू नव्हतं, पहिली-दुसरी मिळून पंचेचाळीस होती. आम्ही तांड्यावर आणि दोन वस्त्यांवर ओसरीचे गट सुरू केले, पाच-पाच लेकरं, बारावी झालेल्या तीन मुली शिकवायला. मी आळीपाळीने जायची. चिंचोके, काड्या, पाटी. ते बरं चाललं, पण आठवड्यातून तीनदा तासभर म्हणजे शाळा नव्हे.

मला सगळ्यात खटकतं ते इथे. उघडण्याचा क्रम आपण उलटा लावला. नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, जानेवारीत पाचवी ते आठवी, जुलैमध्ये पुन्हा आठवीपासून वर. मोठी मुलं नियम पाळू शकतात, त्यांच्या बोर्डाच्या परीक्षा असतात, हे कारण मला समजतं. पण फोनवर काहीतरी शिकू शकतील अशीही तीच होती, आणि आजार जरा जास्त होऊ शकेल अशीही तीच. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या त्या बालवाड्या आणि प्राथमिक वर्गांपासून. आपल्याकडे २० जुलै २०२१ ला, म्हणजे आमची आठवी उघडून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी सांगितलं की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडा, कारण लहान मुलं हा विषाणू जास्त चांगला हाताळतात. त्याच दिवशी जाहीर झालेल्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे घरी बसूनही निम्म्याहून जास्त लेकरांपर्यंत विषाणू पोचून गेला होता. ही बातमी मी कापून ठेवली आणि केंद्रप्रमुखांना दाखवली. ते म्हणाले, “मला पटतंय मॅडम, पण आदेश वरून यावा लागतो.”

ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी सुरू करण्याचा आदेश निघाला आणि तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने हरकत घेतल्यावर दोन दिवसांतच थांबला. त्या डॉक्टरांचा हेतू मी कधीच वाईट मानणार नाही. तिसऱ्या लाटेत मुलं सापडतील अशी भीती तेव्हा सगळीकडे होती. पण आमच्याकडे घड्याळ वेगळं चालत होतं. आमच्यासाठी मुदत होती दसरा.

४ ऑक्टोबरला पाचवी ते सातवी भरली. १५ ऑक्टोबरला दसरा झाला, कारखान्यांचे बॉयलर पेटले, आणि तांड्यावर गाड्या लागायला लागल्या. त्या दहा-पंधरा दिवसांत मला एकच प्रश्न विचारला जात होता. “मॅडम, धाकट्याची शाळा कधी भरणार? भरणार असली तर ह्याला म्हातारीजवळ ठेवतो. नसली तर नेतो संगं.” आणि मला तारीख सांगता येत नव्हती. वसतिगृहाचीही तारीख नव्हती. “भरेल लवकरच,” एवढ्या शब्दावर कुणी पाच वर्षांचं लेकरू मागे ठेवत नाही, ठेवूही नये. मी फाटकापाशी आलेल्या त्या धाकटीच्या आईलाही तारीख देऊ शकले नाही. थोरली आजीजवळ राहिली, कारण तिची शाळा सुरू होती. धाकटी गेली.

पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला सुरू झाले. आम्ही तोरण बांधलं, फुगे लावले. चार वर्गांच्या नव्वदच्या पटापैकी छत्तीस लेकरं आली. बाकीची फडावर होती. हा आकडा कुठल्याही अहवालात ‘कोरोनामुळे गैरहजर’ म्हणून येणार नाही, ‘स्थलांतरित’ म्हणून येईल. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाचवीबरोबर पहिलीही उघडली असती, तर त्यातली निम्मी तरी गावात राहिली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. घरांची नावं माझ्याकडे आहेत, त्यांनी मला विचारलं होतं.

आलेल्या छत्तीस जणांबरोबरचे ते पाच आठवडे फार चांगले गेले. पहिलीतली पोरं पहिले दोन दिवस एकमेकांना हात लावून बघत होती. मग १० जानेवारीपासून ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद. या वेळी मात्र पालकच चिडले, आणि २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाने शाळा परत सुरू झाल्या, त्याही पहिलीपासून. दोन वर्षांनी का होईना, तो उलटा क्रम सुटला.

त्या वर्षी राज्यात उसाचं पीक विक्रमी होतं, हंगाम लांबत गेला आणि काही कारखान्यांचं गाळप जूनपर्यंत चाललं. आमची माणसं एरवी मार्च-एप्रिलमध्ये परततात, ती त्या वर्षी मृगाच्या तोंडावर आली. जून २०२२ मध्ये ती धाकटी तिसरीत बसली. तिला ऊस मोळीत कसा बांधतात ते सांगता येत होतं, शंभरपर्यंत मोजताही येत होतं, कारण मोळ्या मोजाव्या लागत. अक्षरं मात्र दहा-बाराच ओळखत होती. तिच्यासारखी तिसरी-चौथीत सत्तावीस लेकरं निघाली. मग दुसरी ते पाचवीची लेकरं सकाळचे दोन तास इयत्तेनुसार बसवणंच आम्ही सोडून दिलं. अक्षर ओळखणारी एका खोलीत, शब्द वाचणारी दुसऱ्या, परिच्छेद वाचणारी तिसऱ्या. दुपारी आपापल्या इयत्तेत. तपासायला आलेल्या एका अधिकाऱ्यांना ते आवडलं नाही, पण मुख्याध्यापक ठाम राहिले.

त्या पावसाळ्यात मी एक पानाचं टिपण करून केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवलं. पुन्हा कधी साथ आली आणि वर्ग टप्प्याटप्प्याने उघडायची वेळ आली, तर पहिली-दुसरी आधी उघडा. ऊसतोडीच्या तालुक्यांत उघडण्याची तारीख दसऱ्याच्या आधीची धरा. हंगामी वसतिगृह शाळेबरोबर बंद करू नका, ते रेशन दुकानासारखं चालू ठेवा. आणि मुलांच्या घरातल्या म्हाताऱ्यांची लस शाळेच्या नियोजनात घ्या. त्याचं उत्तर आलेलं नाही. वसतिगृहाच्या मागणीची यादी मात्र आम्ही त्या वर्षी ऑगस्टमध्येच पंचायत समितीला दिली, मंजुरीचा पाठपुरावा सोडला नाही, आणि सप्टेंबरअखेर तांड्यावर घरोघर जाऊन वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होणार ते सांगून आलो. त्या हंगामात दुसरी ते चौथीतली एकतीस लेकरं मागे राहिली. ती धाकटीही राहिली.